उकळलेलं पाणी आणि युरियाची गोणी



पाण्याबद्दल आपण या कार्यक्रमात बरेचदा बोलतो आणि दर वेळी एक प्रश्न हमखास येतो. "आम्ही विहिरीचं पाणी चांगलं खळखळून उकळतो, दुहेरी फडक्यातून गाळतो. मग आता बाळाला द्यायला हरकत नाही ना?" हगवण, कावीळ, विषमज्वर यांच्यापुरतं उत्तर सोपं आहे. उकळल्यावर जंतू मरतात, म्हणून उकळणं चांगलंच. पण आज आम्ही ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत ती उकळून जात नाही. तुरटी फिरवली तरी ती तळाशी बसत नाही, फडक्यात अडकत नाही, टीसीएल पावडरीला दाद देत नाही. तिला रंग नाही, वास नाही, चव नाही. तिचं नाव नायट्रेट.

उकळल्यावर उलट तिचं प्रमाण वाढतं. आमटी आटली की खारट लागते, कारण पाणी उडून जातं आणि मीठ तेवढंच राहतं. तसंच हे. एक लिटर पाण्यात 45 मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि ते पाणी आटून पाऊण लिटर झालं, तर आत नायट्रेट तेवढंच राहतं, पण हिशेब लिटरमागे 60 मिलिग्रॅमचा होतो. आणि 45 हीच आपल्या देशात पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे. भारतीय मानक ब्यूरोने ती ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा 50 आहे. झाकण ठेवून पाच मिनिटं उकळी आणली तर फरक किरकोळ पडतो. पण जास्त वेळ उकळलं म्हणजे जास्त शुद्ध होतं, असं समजून जी आई अर्धा तास पातेलं चुलीवर ठेवते, तिचे कष्ट आणि सरपण दोन्ही उलट्या बाजूने खर्ची पडतात.

आता हे नायट्रेट पाण्यात आलं कुठून आणि त्याने होतं काय, हे एकाच माणसाला विचारून कळत नाही. डॉक्टरला विचारलं तर तो विहिरीपर्यंत येऊन थांबतो. भूगर्भशास्त्रज्ञ खडक सांगतो, कृषी अधिकारी खताची मात्रा सांगतो, वीज कधी येते ते वायरमन सांगतो. प्रत्येकाचं बरोबर असतं आणि तरी गावाच्या विहिरीचं कोडं सुटत नाही. म्हणून आज आम्ही एकेकाकडे जाऊन येणार आहोत.

सुरुवात डॉक्टरपासून. अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे, मक्याच्या शेतीचं. तिथल्या हंटर कॉमली या डॉक्टरने 1945 मध्ये दोन तान्ह्या बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. दोन्ही बाळं खेड्यातली, दोघांचे ओठ आणि नखं निळसर पडलेली, पण हृदयात दोष नाही, फुप्फुसात दोष नाही. दोघांचं दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं होतं. त्या पाण्यात नायट्रेट भरपूर निघालं. या आजाराला तेव्हापासून 'निळ्या बाळाचा आजार' म्हणू लागले.

होतं असं की तान्ह्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, त्यामुळे तिथले जीवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. हे नायट्राइट रक्तात उतरलं की रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात ही गडबड निस्तरणारं विकर पुरेसं असतं, बाळाच्या रक्तात ते पहिले काही महिने कमी असतं. रक्त चॉकलेटी दिसू लागतं आणि बाळ श्वास घेत असूनही गुदमरतं. धोका सहा महिन्यांखालच्या बाळांना सर्वांत जास्त आणि त्यांतही वरच्या दुधावरच्या बाळांना. आईच्या दुधात नायट्रेट साठत नाही. आई स्वतः ते पाणी पीत असली तरी अंगावर पिणारं बाळ बऱ्यापैकी सुरक्षित राहतं. म्हणजे पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, पाण्याचा थेंबही नको, हे आशाताई जे सांगतात, त्यात हेही संरक्षण आपोआप येतं. आपल्याकडे मात्र 'उन्हाळा आहे, बाळाला तहान लागली असेल' म्हणून चमचाभर पाणी दिलं जातं, गायीचं दूध 'जड पडतं' म्हणून त्यात निम्मं पाणी घातलं जातं, घुटी उगाळली जाते. हे प्रेमानेच होतं. नायट्रेट शिरायची वाटही हीच.

इथे डॉक्टरांमध्येही एक वाद आहे आणि तो सांगायला हवा. काही संशोधकांचं म्हणणं असं की बाळं निळी पडण्यामागे एकटं नायट्रेट नसतं. घाण पाण्यातल्या जंतूंनी पोट बिघडलेलं असतं आणि त्या जुलाबामुळे बाळाच्या शरीरातच नायट्राइट तयार होतं. आम्हाला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या गावांत दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकाच विहिरीत असतात. कॉमलींच्या त्या विहिरी कशा होत्या? जुन्या, हाताने खणलेल्या, धड न बांधलेल्या, वरून नीट न झाकलेल्या, जनावरांच्या आवाराजवळच्या आणि खड्ड्याच्या संडासाजवळच्या. ऐकून आपल्याच आळीतला आड डोळ्यांसमोर येतो.

मोठ्या माणसांचं काय? वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं तर काय होतं, यावर अभ्यास चालू आहेत; शरीरात काही विशिष्ट परिस्थितीत नायट्रेटपासून कर्करोगाला पोषक रसायनं बनण्याची शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2010 मध्ये नोंदवलं. गरोदर बाईनेही जपून राहावं. घाबरून जायचं कारण नाही, पण पाणी एकदा तरी तपासून घ्यायला एवढं पुरेसं आहे.

आता शेतात येऊ. युरियाची एक गोणी हल्ली 45 किलोची असते. त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे गोणीमागे साधारण 21 किलो नत्र. जमिनीत पडल्यावर ओलाव्याने आणि जीवाणूंमुळे युरियाचं आधी अमोनियम होतं, मग नायट्रेट. अमोनियम मातीच्या कणाला चिकटून राहतं. नायट्रेट मात्र चिकटत नाही, कारण चिकणमातीच्या कणावर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच. दोघं एकमेकांना लोटतात. म्हणून पीक नायट्रेट उचलेल तेवढं उचलतं आणि उरलेलं पाण्याबरोबर खाली निघून जातं. 2015 पासून देशात युरियाला निंबोळी तेलाचा लेप देणं सक्तीचं झालं, ते हा बदल थोडा सावकाश व्हावा म्हणूनच. सावकाश होतो, थांबत नाही.

किती खाली जातं म्हणजे बिघडतं? आम्ही एक हिशेब करून पाहिला. 1 किलो नत्राचं पूर्ण नायट्रेट झालं तर ते जवळजवळ साडेचार किलो भरतं. तेवढ्याने सुमारे 98 हजार लिटर स्वच्छ पाणी थेट 45 च्या मर्यादेला पोचतं. 20 फूट व्यासाच्या विहिरीत 11 फूट पाणी असेल तर ते साधारण तेवढंच भरतं. आणि 1 किलो नत्र म्हणजे युरिया किती? सव्वादोन किलोसुद्धा नाही. विहिरीत पाणी येत-जात असतं, सगळं नत्र काही एका विहिरीत उतरत नाही, हे खरं. तरी ओंजळी-ओंजळीने फेकलेल्या खताचं वजन किती असतं ते यावरून लक्षात यावं.

शेतातून पाण्याकडे जाणारी दुसरी वाटही आहे, ती वरच्यावरची. जोराच्या पावसात माती वाहते आणि मातीच्या कणांना चिकटलेलं स्फुरद, काही कीटकनाशकं ओढ्यात आणि तळ्यात जातात. तळं हिरवंगार होणं, जलपर्णी माजणं, मासे वर येऊन तरंगणं यामागे हे स्फुरद आणि नत्र असतं, शहराचं सांडपाणी असेल तर तेही असतं. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या थारोळ्यात धुणं ही तर सरळसरळ पाण्यात विष ओतण्याची रीत आहे. तिच्यावर वेगळा कार्यक्रम करावा लागेल. आज आपण खाली झिरपणाऱ्या वाटेवरच राहू, कारण ती दिसत नाही.

खाली काय आहे, हे भूगर्भशास्त्रज्ञाला विचारायचं. महाराष्ट्राचा पाचापैकी चार भाग प्रदेश काळ्या कातळाचा, बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा हा खडक. वाळूच्या थरातून पाणी गाळून निघतं तसं इथे होत नाही. इथे पाणी असतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या चिरांत आणि मांजऱ्या दगडाच्या सच्छिद्र थरात. चिरेतून पाणी धावतं, गाळलं जात नाही. शेजारी शेजारी दोन विहिरी, एकीला चीर लागली म्हणून पाणी भरपूर आणि नायट्रेटही भरपूर, दुसरी कोरडी, असं म्हणूनच होतं. बोअरवेल खोल असते म्हणून तिचं पाणी शुद्ध, हा समजही तपासून पाहावा लागतो. वरच्या मुरमाच्या भागात केसिंग पाइप नीट बसवलेला नसेल तर वरचंच पाणी बोअरमध्ये उतरतं.

त्यावर आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उन्हाने तापलेल्या मातीत कुजून-सडून तयार झालेलं नत्र तसंच पडून असतं. मृगाचा पहिला मोठा पाऊस आला की भेगा मिटण्याआधीच काही पाणी सरळ खाली जातं आणि हे साठलेलं नायट्रेट बरोबर घेऊन जातं. त्या वेळी शेतात पीक नसतं किंवा दोन पानांचं असतं. उचलायला मुळंच नसतात. नेमकं तेव्हाच, पेरणीबरोबर, खताचा पहिला हप्ताही पडलेला असतो.

एवढं कळलं की वाटतं, झालं, दोषी सापडला: रासायनिक खत. पण थांबा. केंद्रीय भूजल मंडळाने 2024 च्या अखेरीस देशाच्या भूजलाचा अहवाल काढला. तपासलेल्या नमुन्यांपैकी साधारण पाचव्या हिश्शात नायट्रेट 45 च्या वर होतं, आणि असे नमुने 440 जिल्ह्यांत सापडले. महाराष्ट्रात एक तृतीयांशाहून जास्त नमुने मर्यादेबाहेर होते. देशातले जास्तीत जास्त बाधित म्हणून जे 15 जिल्हे त्यात दिले आहेत, त्यांतले सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव.

ही यादी पुन्हा वाचा. यात कोल्हापूर नाही, सांगली नाही. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. कोरडवाहू कपाशीला, सोयाबीनला त्याच्या कितीतरी कमी. नुसत्या खताच्या गोण्या मोजल्या असत्या तर यादी उलटी यायला हवी होती. तशी ती आली नाही, याला एकाहून जास्त कारणं असू शकतात. जिथे पाऊस आणि कालव्याचं पाणी मुबलक, तिथे नायट्रेट पातळ होत असेल. पाणथळ, हवा न खेळणाऱ्या जमिनीत काही जीवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात, तेही असेल. उसाच्या पट्ट्यातलं दुखणं मग चोपण जमिनीच्या रूपाने बाहेर पडतं. विदर्भ-मराठवाड्यात उथळ विहिरी, कमी पाणी, भेगाळ माती. आणि शिवाय गावठाणातला उकिरडा, गोठ्याचं मूत, संडासाचे शोषखड्डे. शेणाला आणि मैल्यालाही नत्र असतंच, आणि जमिनीत गेल्यावर त्याचंही नायट्रेटच होतं. विहिरीतलं नायट्रेट स्वतःहून सांगत नाही की मी गोणीतून आलो की गोठ्यातून.

सांगत नाही, पण त्याला बोलतं करता येतं, आणि इथे रसायनशास्त्रज्ञाचं काम येतं. मैल्याबरोबर मीठ येतं, म्हणून नायट्रेटबरोबर क्लोराइडही चढलेलं असेल तर संशय शोषखड्ड्यावर जातो. त्याच पाण्यात मैल्यातले जंतू निघाले तर संशय पक्का होत जातो. आणखी एक बारीक युक्ती आहे. निसर्गात नत्राचे दोन प्रकारचे अणू असतात, एक हलका आणि एक किंचित जड. युरियाचं नत्र हवेतून कारखान्यात बांधलेलं, म्हणून त्यातलं जड-हलक्याचं प्रमाण हवेसारखंच असतं. शेणामुतातलं हलकं नत्र अमोनिया होऊन उडून जातं (गोठ्यात डोळ्यांना झोंबतो तोच वास), त्यामुळे मागे जड नत्र जास्त उरतं. पाण्यातल्या नायट्रेटमधलं हे प्रमाण मोजून ते कुठून आलं असावं याचा अंदाज बांधता येतो. ही तपासणी महाग, मोठ्या प्रयोगशाळेतच होणारी. पण क्लोराइड आणि जंतूंची तपासणी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होते, आणि अर्धं उत्तर तिथेच मिळू शकतं.

आता शेतकरी एवढं खत टाकतो तरी का? 'अडाणीपणा' हे उत्तर देणाऱ्यांनी दुकानातले भाव पाहावेत. 2010 मध्ये सरकारने स्फुरद आणि पालाशच्या खतांचं अनुदान अन्नद्रव्यांनुसार ठरवायला सुरुवात केली, युरिया मात्र त्यातून बाहेर ठेवला. बाकीची खतं महागली, युरियाचा भाव होता तिथेच राहिला. आज युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना पडते आणि 50 किलोची डीएपीची गोणी 1350 रुपयांना. युरिया टाकला की चार दिवसांत पीक काळंभोर दिसतं. पालाशने असं काही दिसत नाही. दीड एकरवाल्याने कशाकडे हात घालावा? अर्थशास्त्रज्ञ म्हणतात तो 'खतांचा असमतोल' तो हाच, आपल्या ओसरीवर रचून ठेवलेला.

विजेचंही तसंच. थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्री येते. रात्री अकराला मोटर चालू करून घरधनी अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत किती वेळ दारं धरणार? तो एक दार मोकळं सोडतो आणि पहाटे येतो. मुळांना लागतं त्याच्या दुप्पट पाणी त्या रानात मुरतं आणि आदल्या दिवशी दिलेलं खत घेऊन खाली जातं. म्हणजे विहिरीतल्या नायट्रेटचा एक धागा विजेच्या वेळापत्रकापर्यंत जातो. हे कुठल्याही पाणी तपासणीच्या कागदावर छापलेलं नसतं. दिवसा वीज मिळावी ही मागणी शेतकरी सापाच्या भीतीने करतात. पिण्याच्या पाण्यासाठीही ती करायला हवी, असं आमचं मत आहे.

आणि आता आपण. खत आणतो घरातला पुरुष. सातबारा त्याच्या नावावर, दुकानाची पावतीही त्याच्याच नावावर. पाटीतून किंवा ओटीतून ओळीने खत टाकत जाते ती बहुतेक ठिकाणी बाई. खुरपणीला तीच, आणि संध्याकाळी हंडा घेऊन विहिरीवरही तीच. ज्या हातांनी युरिया टाकला त्याच हातांनी पाणी शेंदलं, असं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होत नाही. पण खताची मात्रा ठरवताना तिला कुणी विचारत नाही आणि पाणीपुरवठ्याचा आराखडा होतो तेव्हा ती स्वयंपाकघरात असते. जिची शेतीच नाही अशा मजूर बाईचं तर आणखी अवघड. वस्तीचा हातपंप कुणाच्या तरी बागायती बांधाला लागून असतो. खत दुसऱ्याचं, पीक दुसऱ्याचं, पाणी तेवढं तिच्या वाट्याला.

म्हणून अभ्यासक जेव्हा गावात येऊन फक्त बाटल्या भरून नेतात, तेव्हा त्यांच्या हाती अर्धीच माहिती जाते असं आम्हाला वाटतं. कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यात पाणी चढतं, पहिल्या पावसानंतर कोणत्या आडाचं पाणी गढूळ होतं, जुना उकिरडा पूर्वी कुठे होता, कोणाच्या शोषखड्ड्याला पावसाळ्यात पाणी वर येतं, हे सगळं बायांना पाठ असतं. बायांनी जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढावा, त्यात विहिरी, गोठे, संडास, पाट मांडावेत आणि त्याच्यावर प्रयोगशाळेचे आकडे ठेवावेत. डॉक्टरचं, खडकाचं, खताचं आणि विजेचं ज्ञान त्या रांगोळीवर एकत्र बसवता येतं.

हे कागदावरचं स्वप्न नाही, याची साधनं गावात आलेली आहेत. 2019 पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देण्याची आणि तपासणी संच देण्याची तरतूद आहे. त्या संचात नायट्रेटची चाचणी असते. औषधं घालून हलवलं की पाणी गुलाबी होऊ लागतं. जितकं गडद गुलाबी तितकं नायट्रेट जास्त, सोबतच्या रंगपट्टीशी जुळवून पाहायचं. हा अंदाज असतो. आकडा 45 च्या आसपास किंवा वर वाटला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा: स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, हातपंप आधी काही मिनिटं चालू ठेवायचा, बाटली थंड ठेवून शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवायची. बाटलीवर विहिरीचं नाव आणि तारीख लिहायची. बऱ्याच गावांत तो संच ग्रामपंचायतीच्या कपाटात, सीलही न फोडलेला, पडलेला असतो. औषधांना मुदत असते. कपाट उघडाल तेव्हा ती आधी पाहा.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या हिरव्या कार्डावरही जाऊ नका. ते कार्ड स्रोताच्या परिसराची स्वच्छता, गळती, टीसीएलचा वापर पाहून मिळतं. ते चांगलंच आहे, पण नायट्रेटबद्दल ते काही सांगत नाही. जलसुरक्षक रोज नेमाने पावडर टाकत असला तरी नायट्रेट होतं तेवढंच राहतं.

आकडा जास्त निघाला तर काय करायचं? आधी बाळ. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचंच दूध. काही कारणाने वरचं द्यावंच लागलं, तर त्यासाठीचं पाणी दुसऱ्या, तपासलेल्या स्रोताचं आणायचं. आरओच्या यंत्राने नायट्रेटचा बराचसा भाग निघतो, साध्या कँडलच्या फिल्टरने निघत नाही. सगळ्या घराला आरओ परवडत नसेल तर निदान बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी तेवढं पाणी गावातल्या केंद्रावरून आणता येतं. कोणत्या घरी तान्हं बाळ आहे हे अंगणवाडीताईंना माहीत असतं आणि कोणती विहीर वाईट आहे हे तपासणाऱ्या बाईला. या दोघींनी एकदा आपापल्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर काम निम्मं होतं. बाळाचे ओठ-नखं निळसर राखाडी दिसली तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना विहिरीच्या पाण्याबद्दल सांगा. त्यावर औषध आहे, पण त्यांच्या ते लक्षात यायला हवं.

मग विहिरीचा काठ. उकिरडा हलवणं हे सगळ्यांत स्वस्तातलं काम आणि सगळ्यांत जास्त भांडणाचं. जागा कुणाची यावरून. तरी करण्यासारखं तेच पहिलं. विहिरीला चढाच्या बाजूला गोठा, शोषखड्डा असेल तर धोका जास्त. अंतराचे नियम आहेत, पण चिरांच्या कातळात नुसत्या अंतराने भागत नाही, उतार पाहावा लागतो.

शेतात युरिया बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. एकदम न टाकता हप्त्याने द्या, फेकण्याऐवजी पिकाच्या बुडाशी मातीआड करा, पावसाचं मोठं आभाळ आलेलं असताना देऊ नका, खत दिल्यावर लगेच रान तुडुंब भरू नका. ठिबक असेल तर त्यातून थोडं थोडं द्या. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतलं नत्र स्वतः बांधतात. वरून युरिया मारला की त्या गाठी उलट कमी होतात. तिथे वाचलेला पैसा पालाशला लावता येईल. माती परीक्षणाचा कागद बहुतेक घरांत पत्र्याच्या पेटीत असतो, तो काढून एकदा कृषी सहायकांकडून समजून घ्या. शेणखत टाकलं असेल तर त्यातलंही नत्र हिशेबात धरायचं असतं, ते कुणी धरत नाही.

हे सगळं एकेका घराने करून पुरत नाही, हेही खरं. आयोवाचंच पुढचं सांगतो. तिथल्या डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेला नदीतलं नायट्रेट काढण्यासाठी खास यंत्रणा उभारावी लागली. 2015 मध्ये त्यांनी वरच्या भागातल्या, शेतातलं पाणी वाहून नेणाऱ्या मंडळांवर खटला भरला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला. शेतकरी आणि पाणी पिणारे कोर्टात समोरासमोर उभे राहिले आणि नायट्रेट नदीत होतं तिथेच राहिलं. आपल्याकडे निदान पिकवणारा आणि पिणारा बहुतेक वेळा एकाच घरात राहतो.

आपल्याकडची अडचण वेगळी. खत कृषी विभागाचं, पाणी पाणीपुरवठा विभागाचं, बाळ आरोग्य विभागाचं, वीज महावितरणची, खडकाची माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. तालुक्याच्या गावी या कार्यालयांच्या इमारतीही वेगवेगळ्या. हे सगळे विषय एकाच वेळी एकाच सतरंजीवर येतात ते ग्रामसभेत. तेव्हा मेमध्ये, पावसाआधी, गावातले सगळे पाणवठे एकदा तपासा आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा तपासा. मेचे आकडे 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा आणि दिवाळीचे 26 जानेवारीच्या. इतिवृत्तात विहिरीचं नाव, तारीख आणि आकडा लिहून घ्या. नुसतं 'पाणी पिण्यास योग्य' एवढंच लिहून आलं, तर नायट्रेट किती होतं ते विचारा.

पुढच्या भागात तपासणी संच समोर ठेवून नायट्रेटची आणि क्लोराइडची चाचणी पायरी-पायरीने कशी करायची ते सांगू. ज्यांच्या गावात संच आहे त्यांनी तो कपाटातून काढून, औषधांची मुदत पाहून, जवळ घेऊन बसावं.